विझलेल्या सिगडीचं निमित्त

आत्या गेली तेव्हा मी दुर्गला छापखान्यात उभा होतो आणि माझ्या बोटांना शाई लागलेली होती. पाकिस्तानशी झालेली लढाई थांबून आमच्या भागातले जवान एकेक करून घरी यायला लागले होते. त्यांच्या स्वागताचं पत्रक आमची समिती काढत होती आणि मजकूर नेहमीप्रमाणे मी लिहिला होता. मशीनवरून निघालेला पहिला कागद हातात धरून मी त्यातल्या चुका शोधत होतो. तेवढ्यात आमच्या शेजारच्या पार्वताबाईंचे यजमान सायकलवरून आले. उतरले नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून म्हणाले, "चाल गा. आत्या गेली." मी कागद ठेवला, पण छपाई थांबवली नाही. पत्रकं त्याच दिवशी निघाली आणि वाटलीही गेली... आणि त्यात ती ओळ नव्हती.

त्या ओळीबद्दल आधी सांगतो, नाही तर पुढचं सगळं भलत्याच सुरात लिहिलं जाईल. त्याच आठवड्यात आत्या खोकल्यानं अंथरुणाला खिळलेली असताना मी तिला पत्रक वाचून दाखवलं होतं. तिला वाचता येत नसे, पण माझं प्रत्येक पत्रक ती ऐके आणि मग एखादं असं वाक्य टाके की मला शाई वाया गेल्यासारखं वाटावं. त्या दिवशी म्हणाली, "ह्याच्यात एक ओळ टाक. ज्याच्या घरी लढाईवरून माणूस आला, त्याच्या शेजारच्यायनं दिवसातून दोनचारदा त्या घरी काही ना काही मागाले जात जावं." मी हसलो. म्हणालो, "आत्या, हे स्वागताचं पत्रक आहे. असं काही लिहिलं तर लोक म्हणतील, जवानांचा अपमान करून राहिले." "अन् बायकायचा?" एवढंच म्हणून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. जरा वेळानं भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "छाप तुहं तू."

भागीरथी तिचं नाव. माझ्या वडिलांची थोरली बहीण. वैनगंगेकाठच्या आमच्या गावाहून मी भिलाईला आलो, रोलिंग मिलमध्ये हेल्पर म्हणून लागलो, कॅम्पातल्या एका लायनीत मला क्वार्टर मिळालं, आणि पोरगा हॉटेलात खाऊन पोट खराब करून घेईल म्हणून ही विधवा बाई एक ट्रंक आणि एक पाटा घेऊन माझ्याकडं राहायला आली. देवाचं काही आणलं नव्हतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिनं देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते आणि त्याबद्दल तिला कधी हळहळ वाटलेली मी पाहिली नाही. ती मऊ बाई नव्हती. सकाळी दातांना तंबाखूचा गुडाखू घासत ओट्यावर बसे आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब घेई. युनियनच्या पुढाऱ्यांना ती 'भोंगे' म्हणे, कारण वेळ झाली की वाजतात. मला 'पर्चेवाला' म्हणे, पर्चे म्हणजे माझी पत्रकं. "का गा पर्चेवाले, आज कोणावर रागावला?" मी रागावलेला असेच. माझं वय रागावण्याचं होतं आणि नळाला पाणी नाही, बोनस नाही, ठेकेदाराच्या मजुराला टोपी नाही, अशी रागावण्याजोगी कारणंही भरपूर होती. एका कारणाला मात्र मी आमच्या पत्रकात कधी जागा दिली नाही.

भिलाईत आल्यावर आत्याला नवल वाटलं ते भट्टीचं नव्हे, रात्री लाल होणाऱ्या आभाळाचंही नव्हे. तिला नवल वाटलं ते सिगड्यांचं. गावात चुली सकाळी पेटत आणि संध्याकाळी पेटत, आणि विस्तव मागायला बायका त्याच दोन वेळी निघत. इथं कोणाची पहिली पाळी, कोणाची दुसरी, कोणाची रात्रीची. कोणाचा डबा पहाटे, कोणाची भाकर भर दुपारी. ओट्याओट्यावर दगडी कोळशाच्या सिगड्या, त्यातली कोणती ना कोणती कुठल्याही घटकेला धगधगलेली. त्यामुळे हातात कवेलूचा, म्हणजे छपराच्या कौलाचा, तुकडा घेऊन "इस्तो आहे का वो बाई?" असं विचारत कोणीही कधीही कोणाच्याही दारात जावं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. गावात आमच्या लोकांना विस्तव मिळे तोही वरून टाकलेला... कवेलू जमिनीवर ठेवायचं, मागं सरायचं, मग निखारा पडायचा. इथं पहिल्याच दिवशी आत्या मुद्दाम पार्वताबाईंच्या दारात गेली. पार्वताबाई भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातल्या, जुन्या वळणाच्या. त्या क्षणभर थबकल्या. आत्यानं कवेलू हातातच धरून ठेवलं, खाली ठेवलं नाही. शेवटी पार्वताबाईंनी चिमट्यानं निखारा उचलून तिच्या हातातल्या कवेलूवर ठेवला. दोघी पुढं सख्ख्या बहिणींसारख्या भांडत.

सुदाम आला तो चीनच्या लढाईनंतर. आमच्याच समाजातला, आमच्याच लायनीतला. त्याचं लग्न लढाईच्या आधी झालेलं, बायको वत्सला त्याच्या म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहत होती आणि ते म्हातारे तो येण्याआधीच वारले होते. बर्फानं सुदामच्या पायाची बोटं गेली होती, म्हणून पलटणीतून त्याला घरी पाठवलं होतं. आम्ही पॉवर हाऊस नावाच्या रेल्वे स्टेशनवर त्याला खांद्यावर घेतलं. सभा घेतली. तो मंचावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, आणि फटाक्यांची माळ लागली तेव्हा खुर्चीखाली गेला. लोक हसले. मीही हसलो. मंचावरून कोणीतरी म्हणालं, 'जवानाला अजून शत्रूच दिसतो,' आणि टाळ्या पडल्या... त्या टाळ्यांत माझे हात होते.

मग त्याला प्लांटात स्टोअरच्या गेटवर नोकरी लागली, आणि आम्हांला वाटलं, एवढ्यानं भागणार नाही. लायनीच्या टोकाचं क्वार्टर रिकामं झालं होतं. टोकाचं क्वार्टर म्हणजे मान. बाजूला भाजी लावायला जागा, एका अंगाला मोकळं मैदान, दुसऱ्या अंगाची खोली बंद पडलेल्या पंपाची. म्हणजे एकही भिंत कोणाशी सामाईक नाही. नंबर दुसऱ्याच कोणाचा होता, पण आम्ही सह्या गोळा केल्या. अर्ज मी लिहिला. 'देशासाठी ज्याने झोप गमावली त्याला निवांत झोप मिळावी' हे वाक्य माझं, आणि ते मला फार आवडलं होतं. क्वार्टर मिळालं. वत्सलेला पहिल्या घरात निदान भिंतीपलीकडून कोणी खोकलेलं ऐकू येत असे. आम्ही तिला उचलून अशा घरात नेऊन ठेवलं जिथून तिचा आवाज कोणालाच ऐकू जाणार नाही, आणि वर त्या घराच्या दारावर आंब्याचं तोरण बांधलं.

ते दिवस प्लांट वाढवण्याचे होते. मैदानापलीकडं नव्या बांधकामाचे खांब जमिनीत ठोकत. यंत्राचा हातोडा पडला की आधी जमीन हाले आणि मग आवाज येई. आम्हांला त्याची इतकी सवय की तो थांबला तर आम्ही दचकू. सुदामला सवय होईना. आवाज सुरू झाला की तो घरातली भांडी उतरवून ठेवी, दार लावी, आणि मग... त्या दाराआड काय होत होतं ते वत्सलेनं सर्वांत आधी आत्याला दाखवलं. ओठ फाटलेला होता, कानाखाली सूज होती. हे मला आत्यानंच पुढं सांगितलं, आणि तिनं वत्सलेला काय उत्तर दिलं तेही सांगितलं. ती म्हणाली होती, "लढून आला ना बाई तो. सांभाळून घे."

थोड्याच दिवसांत वत्सलेचं मनगट मोडलं. पाण्याच्या टाकीवर घसरली असं सांगण्यात आलं. ते खरं नाही हे लायनीत सगळ्यांना माहीत होतं, आणि 'घसरली' हा शब्द आम्ही सगळे एकमेकांना देत-घेत राहिलो. आम्ही पुरुष सुदामला चहाच्या टपरीवर घेऊन बसलो, डोंगरावर बर्फ केवढा होता ते विचारलं, आणि बिस्किटं खायला घातली. बायकोचं नाव कोणी काढलं नाही. घरी आल्यावर मी आत्याला म्हणालो, "काय करणार, घरचा मामला आहे." ती भाकर थापत होती. थापता थापता म्हणाली, "नळ घरात येते ना? मंग त्याचा पर्चा काऊन काढते?"

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आणि मग जे आमच्या घरात कधी कोणी बोललं नव्हतं ते बोलली. तिचा नवरा, आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू, मागच्या मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात होते. त्यांचं बिल्ला लावलेलं छायाचित्र आमच्या गावच्या घरात दर्शनी लावलेलं आहे. मी लहानपणी त्या छायाचित्राला सलाम करत असे. तो माणूस परत आल्यावर आत्याला गुराच्या दाव्यानं मारत असे. ती माहेरी पळून आली तेव्हा माझ्या वडिलांनी तिला जेऊ घातलं आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडीत बसवून परत नेऊन सोडलं. "तुहा बाप म्हणे, सरकारचा माणूस आहे, लढून आला, सांभाळून घे. तोच शब्द. माह्या तोंडातून त्या पोरीले तुहा बापच बोलला..." मग ती एका दुपारबद्दल बोलली. मामाजींनी तिचे केस धरलेले, आणि दारात शेजारची म्हातारी येऊन उभी राहिली, हातात कवेलू. नातवासाठी काढा करायचा, इस्तो पायजे. मामाजींनी केस सोडले. खाली बसले, चुलीतून निखारा काढला, त्या म्हातारीला दिला, आणि मग बराच वेळ हाताकडं पाहत राहिले. "दारात माणूस उभा असला की हात खाली येते. तेवढं मले समजलं. पण गावात इस्तो सकाळी मागत अन् सांजेले मागत. मी सकाळी जगो अन् सांजेले जगो. मधातला दिवस माहा नव्हता." माझ्या घरात माझ्याच बापानं केलेलं ते ऐकून जी शरम वाटली ती मी झोपेवर ढकलून दिली.

दुसऱ्या दिवसापासून आत्याची सिगडी विझायला लागली. आमच्याकडं प्लांटचा उत्तम कोळसा, तरी ती विझे. सुदाम पहिली पाळी करून आला की विझे, खांब ठोकायचा आवाज सुरू झाला की हमखास विझे. कवेलूवर चिमूटभर राख टाकून आत्या लायनीच्या टोकापर्यंत चालत जाई आणि बाहेरूनच ओरडे, "वत्सला, इस्तो आहे का वो?" आणि दार उघडलं की वत्सलेकडून विस्तव घ्यायची नाही. "तू राहू दे, तुह्या हाताले पट्टी आहे. सुदाम, तूच दे बापा." मग तो माणूस खाली बसे, चिमटा घेई, निखारा निवडी. आत्या चार गोष्टी बोले, कधी शिव्या देई, कधी त्याच्या पायाला लावायचं तेल सांगे, आणि निघे. सुरुवातीला तो फणकारे. एकदा मी सोबत होतो तेव्हा त्यानं तिला सरळ विचारलं, "आत्याबाई, तुमची सिगडी रोज काऊन विझते?" आत्या म्हणाली, "तुही रोज भडकते म्हणून." मला वाटलं आता काहीतरी होणार. सुदामनं मान खाली घातली आणि निखारा कवेलूवर ठेवला.

एकट्या आत्यानं दिवस भरत नव्हता. तिनं पार्वताबाईंना गाठलं. पार्वताबाईंची अडचण वेगळी. दिवे लागल्यावर विस्तव घराबाहेर देऊ नये आणि दुसऱ्याकडून आणू नये, लक्ष्मी जाते, असं त्या मानत. शिवाय त्यांच्या घरच्यांना आमच्या समाजाच्या घरातून विस्तव आणलेला चालणार नव्हता, तो भाग त्या बोलल्या नाहीत, पण ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना कळला. आत्या म्हणाली, "लक्ष्मी जाते तर जाऊ दे वो बाई. पोट्टीचा जीव राहिला म्हणजे झालं." पार्वताबाईंनी तेव्हा उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर डोक्यावरून पदर घेऊन, कवेलू पदराखाली लपवून त्या सुदामच्या दारात गेल्या. आणलेला विस्तव त्यांनी घरात नेला नाही, ओट्यावरच्या सिगडीत टाकला, आणि त्याच सिगडीवर वरण शिजवून नवऱ्याला वाढलं. हळूहळू बाकीच्या बायाही जायला लागल्या. कोणी मीठ मागे, कोणी सुई, पण विस्तव सगळ्यांत सोपा, कारण विस्तव मागणाऱ्याला कोणी का म्हणून विचारत नाही. आम्ही पुरुष हे सगळं खाटेवर बसून पाहत होतो. टोकाकडं जाणाऱ्या बायांना पाहून आमच्यातले काही म्हणायचे, "चालल्या आगलाव्या." मी म्हणत नसे. मी हसत असे.

मारणं एकदम थांबलं असं मी लिहिणार नाही. पत्रकात तसं लिहिता येतं. आत्या गावी लग्नाला गेली तेव्हा वत्सलेच्या पाठीवर पुन्हा वळ उठले. वत्सलेचा बाप अहिवाऱ्याजवळ चुनखडीच्या खाणीत कामाला, त्याच्याकडं ती गेली तर त्यानंही तिला परत आणून सोडलं, जाताना सुदामच्या पाया पडून गेला. पण त्यानंतर एके दुपारी एक गोष्ट झाली. आत्या विस्तव घेऊन निघाली तेव्हा सुदाम तिच्या मागं ओट्यापर्यंत आला. इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आत्याबाई, येत जा. तो हातोडा पडते ना... मंग मले समजत नाही समोर कोण आहे. तुमी आवाज दिला की समजते." आत्यानं हे मला सांगितलं तेव्हा मी लगेच म्हणालो, म्हणजे दोष त्याचा नाही, लढाईचा आहे. मला पत्रकासाठी मथळा सापडला होता. आत्या म्हणाली, "लढाईनं त्याचं डोकं फिरवलं असन. पण स्टोअरच्या सायबासमोर त्याचा हात उठते का? नाही उठत. तिथं समजते त्याले कोण आहे ते. मी तेच त्याले सांगितलं. म्हटलं, येईन मी. पण मी येतो म्हणून तू सुटला असं समजू नको." त्यानं ते ऐकून घेतलं असावं. खांब ठोकणं सुरू झालं की तो पुढं पुढं घराबाहेर पडून मैदानात चालत राही, लंगडत, हातोडा थांबेपर्यंत. दिसायचा आम्हांला. त्याच्याबरोबर चार पावलं चालावं असंही आमच्यातल्या कोणाला सुचलं नाही.

आणि वत्सलेला आत्यानं एक गोष्ट सांगून ठेवली होती. मी नाही आली तर तू बाहेर निघ. कवेलू घे अन् माह्या दारी ये. हातात कवेलू असलेल्या बाईले कोणी अडवत नाही, तोही अडवणार नाही. माही सिगडी तुह्यासाठी पेटलेली राहीन.

आत्याच्या तिरडीला सुदामनं खांदा दिला. लंगडत का होईना, बदली न घेता शेवटपर्यंत चालला. विहारात लोक आत्याबद्दल चांगलं बोलले. मीही बोललो, सफाईनं बोललो. त्यानंतर मी घराला कुलूप लावून मेसमध्ये जेवायला लागलो. घरात बसवत नव्हतं हे खरं. स्वागत समितीचं काम होतं हेही खरं. दुसऱ्या एका लायनीतल्या टोकाच्या क्वार्टरसाठी नवा अर्ज तयार होत होता, कारण पंजाबच्या आघाडीवरून परत आलेल्या एका जवानालाही तसंच निवांत घर मिळावं अशी टूम निघाली होती, आणि मजकूर अर्थातच माझ्याकडं आला होता.

एका दुपारी पाळीवरून येऊन कुलूप काढत होतो तेव्हा पार्वताबाई त्यांच्या ओट्यावरून म्हणाल्या, "कुलूप काऊन लावता गा तुमी?" मी म्हणालो, "चोरी होते ना बाई." त्या म्हणाल्या, "काय हाय चोरण्यासारखं तुमच्या घरी?" मग थांबल्या. पुढचं बोलताना माझ्याकडं पाहत नव्हत्या. "मी बजारात गेली होती. येऊन पाहतो तर पोरगी तुमच्या दारात उभी. हातात कवेलू. किती वेळची उभी होती मले मालूम नाही. कुलूप पाहत होती. मले पाहून म्हणे, काही नाही, आत्याबाईची आठवण आली. डोळा सुजला होता तिचा. माह्या घरात घेतलं मी तिले... पण ती तुमच्या दारी आली होती."

मी आत गेलो. आत्याची सिगडी कोपऱ्यात होती, आत थंड राख. शेजारी तिचं कवेलू, एका बाजूनं काळं झालेलं. मी अनेक सभांतून 'शरम करा' असं लोकांना ओरडून सांगितलं आहे. तो शब्द मी इतक्यांवर फेकला आहे की तो स्वतःवर पडल्यावर कसा लागतो हे मला ठाऊक नव्हतं. ती आली होती आणि दार बंद होतं... आणि दार बंद करून गेलेला माणूस त्या वेळी कुठंतरी बसून जवानाच्या निवांत झोपेवर वाक्य जुळवत होता.

अर्ज मी फाडला. त्यात काही मोठेपणा नाही, दुसरा कोणी लिहील. समितीला मी सांगितलं आहे की त्या जवानाला लायनीच्या मधलं घर मिळू द्या, दोन्ही अंगांना भिंती असलेलं, आणि त्यावरून माझं त्यांच्याशी अजून भांडण चालू आहे. पण त्या दुपारी मी आधी कवेलू उचललं आणि टोकाकडं निघालो. खाटेवर बसलेले होतेच. त्यातला एक म्हणाला, "का हो नेताजी, आत्याची गादी चालवता का?" दुसरा म्हणाला, "लुगडं पण नेसा मंग." मी पूर्वी ज्या जागी बसून हसत असे तिथं बसून ते हसत होते. मी पुढं चालत राहिलो.

सुदामनं दार उघडलं. मागं वत्सला, डोळ्याखाली निळं पडलेलं. मी म्हणालो, "सुदामभाऊ, इस्तो आहे का?" तो माझ्या हाताकडं पाहत राहिला. मग बसला, चिमटा घेतला, आणि थांबला. म्हणाला, "खाली राख तरी टाका. हात भाजन तुमचा. आत्याबाई राख टाकत." त्यानंच त्याच्या सिगडीतली राख कवेलूवर पसरली, त्यावर निखारा ठेवला. मी निघालो नाही. मी म्हणालो, "वहिनीच्या डोळ्याले काय झालं?" लायनीतल्या पुरुषानं हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच विचारला असेल. वत्सला आत सरकली. घसरली असं तो म्हणाला नाही. चिमटा खाली ठेवून म्हणाला, "आत्याबाई गेल्यापासून कोणी येत नव्हतं. हे काही कारण नोहे. मले मालूम आहे ते." मी म्हणालो, "उद्या येतो. हातोडा सुरू झाला की येतो. मैदानात चालू दोघं." तो म्हणाला, "या."

पेटलेला निखारा घेऊन चालणं मला जमत नव्हतं. वारा लागत होता, कवेलू तापत होतं. तो निखारा मी आत्याच्या सिगडीत टाकला आणि फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुठं कोळसा धरला. तेव्हापासून ती सिगडी विझू दिलेली नाही. मी त्यावर चहापलीकडं काही करत नाही, जेवण अजून मेसमध्येच. पाळीवर जाताना निखाऱ्यांवर राख ओढून ठेवतो, मधून पार्वताबाई येऊन हलवून जातात आणि माझ्या राखेला नावं ठेवतात. कुलूप मी कोणाला तरी देऊन टाकलं. वत्सला अजून आलेली नाही. ती सुखी आहे म्हणून येत नाही, की एकदा बंद दार पाहिलेली बाई पुन्हा त्या दाराकडं येत नसते, हे मला समजत नाही, आणि तिला विचारायचा अधिकार मी कुलूप लावून घालवला आहे. उंबऱ्याच्या आत, आत्या ठेवत असे त्याच जागी कवेलू ठेवलेलं आहे. त्यावर राख टाकून ठेवलेली आहे. दार नुसतं लोटलेलं असतं.